पुजलेला ऑइलचा डबा

आटपाडीजवळ माझ्या चुलत्यांची डाळिंबाची बाग आहे. फळं लिंबाएवढी झाली असताना ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा कधी येणार, हे कोणी सांगत नव्हतं. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं. ते चाललं तरच बाग वाचणार होती. त्यातलं काळं ऑइल चुलत्यांनी काढून टाकलं आणि शेडच्या कोपऱ्यातला सीलबंद डबा उचलला. सांगलीला मी एका वर्तमानपत्रात काम करतो, तिथून सुट्टीला आलो होतो.

डबा विजेची मोटर बसण्याआधीचा. पुढे इंजिन पडून राहिलं, पण दर दसऱ्याला त्याच्याबरोबर डब्यालाही हळदकुंकू लागलं. तारीख त्या थराखाली गेली होती.

"पुजलेला डबा हाय, फोडू नगासा," चुलती म्हणाली.

"पुजलं म्हणून ऑइलचं तूप झालं व्हय?" चुलते म्हणाले.

"तूप झालं असतं तर पोळीवर तरी घातलं असतं."

चुलत्यांनी ओल्या फडक्याने थर पुसला. ग्रेड इंजिनाला लागणारीच निघाली. तारीख मात्र कुंकवाबरोबर पुसली गेली.

"सील हाय न्हवं? मग ते काय दूध हाय नासायला?" ते मला म्हणाले. "तुमच्या पेपरवाल्यांचं काय म्हननं हाय, रं?"

कोरड्या जागी ठेवलेलं बंद ऑइल काही वर्षं टिकतं, गढूळ दिसलं किंवा तळाशी गाळ असला तर वापरू नये, एवढं मी सांगितलं.

सील फोडून थोडं ऑइल काचेच्या बाटलीत ओतलं. ते ताकासारखं गढूळ होतं. चुलते म्हणाले, शेडात उजेडच कमी हाय. चुलतीने बाटली घरात नेली आणि तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकला. थेंब तडतडला.

"पाणी हाय ह्यात," ती म्हणाली.

फोडलेलं सील मी उन्हात धरून पाहिलं. गंजून त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. शेडचा पत्रा त्याच कोपऱ्यावर फुटका होता. पावसाचं पाणी झाकणावर साचत आलं होतं. पुजलेली वस्तू म्हणून डबा कोणी जागचा हलवला नव्हता.

मोटारसायकल काढून चुलत्यांनी आटपाडीतून नवं ऑइल आणलं. दुपारनंतर इंजिन सुरू झालं. कडेच्या झाडांची फळं तोवर गळाली होती, बाकीची राहिली.

दसऱ्याला मी पुन्हा गेलो. उरलेल्या नव्या ऑइलचा डबा आता घरात, फळीवर होता. चुलतीने कुंकवाचं बोट टेकवलं, ते तारीख सोडून.