निकमने मिटवलेले डोळे

दुपारचं जेवण झालंय. पंख्याचा आवाज आधी डोक्यावर असतो, मग हळूहळू दूर जातो, कुणीतरी तो उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखा. समोर टेबलावर प्राणी आहे. घुबडाचं तोंड, कुत्र्याचं अंग, पाठीवर खवलेमांजरासारखे खवले, वेटोळं करून पडलेला. खवले मी रंगवून संपवलेत. हिरव्यावर तांबूस, त्यावर कोरड्या कुंचल्याने किंचित सोनेरी. राहिलेत फक्त डोळे, आणि डोळे मिटलेले आहेत.

ते निकमने मिटवलेत. निकम आता नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाही प्रश्नच आहे.

आम्ही एकाच शाळेत होतो. तो जीवशास्त्र शिकवायचा, मी चित्रकला. निवृत्त झाल्यावर त्याने हा उद्योग काढला. जगात नसलेले प्राणी बनवायचे आणि मोबाईलवर त्यांचा लिलाव करायचा. घडवायचा तो, रंगवायचो मी. लिलावाच्या वेळी प्राणी तयार नसायचाच. जो बोली जिंकेल त्याने आपल्याला कसा प्राणी हवा ते सांगायचं आणि आम्ही तसा करून द्यायचा. ‘तसा’ हे माझं म्हणणं. निकमने तसा कधीच केला नाही. एकाने पंखांचा घोडा मागितला, तर याने त्याला उलट विचारलं की पंखांचे स्नायू चिकटवू कुठे. शेवटी घोड्याला तालमीतल्या पैलवानाची छाती आली. गिऱ्हाइकाची समजूत घालायचं काम माझं. वर्गात एखाद्या मुलाने झाड निळं रंगवलं तरी माझा आवाज कधी चढला नाही. माझ्या वाट्याची सगळी चिडचिड या एका माणसाने वापरून संपवली.

हा प्राणी अकोल्याच्या वानखडेबाईंसाठी आहे. त्यांची सावनी पहिलीत आहे. अंधार पडला की घाबरते, रात्रभर डोळा लावत नाही, वर्गात बाकावर डुलक्या घेते. बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं की कधीही न झोपणारा राखणदार हवा, मोठे उघडे डोळे, पिवळे. यात न समजण्यासारखं काय होतं? तरी निकमने पापण्या मिटवल्या. ही एपॉक्सीची माती, एकदा वाळली की दगड. मला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याच आठवड्यात हृदय बंद पडून गेला.

बाई रोज विचारतात. सावनी म्हणे कुरियरवाल्याची वाट बघत दारात बसते. मी रोज ‘दोन दिवसांत’ म्हणतो. मिटलेल्या पापणीवर उघडा डोळा रंगवून पाहिला, तर घरात शिरलेल्या चोरासारखा दिसला. मोठी माणसंही दचकली असती. पुसून टाकला. आज मात्र ड्रिल हातात घेतलंय, पापण्याच कोरून काढायच्या. तोंड आतून पोकळ आहे. तडकलं तर नुसते डोळे नाही, सगळा प्राणीच जाईल, आणि दुसरा घडवणारा आता कुठे आहे?

पंखा शेजारच्या खोलीतूनही गेलेला आहे.

“ड्रॉइंग, ते खाली ठेव.”

निकमने मला कधी नावाने हाक मारली नाही. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे आणि टेबल लांबच लांब झालंय, काळ्या दगडाचं, कडेला बेसिन असलेलं. ही आमची प्रयोगशाळा. कपाटातल्या बरण्यांत एरवी साप आणि बेडूक असायचे. आज आम्ही विकलेले प्राणी आहेत. पैलवान घोडा एका बरणीत छाती काढून उभा आहे. निकमच्या अंगात शाळेत घालायचा तोच बिनबाह्यांचा स्वेटर. तो गेलाय हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. माणूस सवडीने येतो आणि आल्या आल्या हुकूम सोडतो.

मी त्याला डोळ्यांचं विचारतो. तो उत्तर द्यायचं सोडून खवल्यांवर बोट फिरवतो आणि म्हणतो की हे सोनेरी कशाला फासलंस, एवढा चकाकणारा प्राणी जंगलात एक दिवस टिकायचा नाही. मी म्हणतो, हा जंगलात नाही, अकोल्यात राहणार आहे.

“मग तर उन्हाळ्यात मुळीच टिकायचा नाही.”

मी पुन्हा विचारतो. तो फळ्याकडे वळून सांगाडा काढायला लागतो. मी तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा तो पाठमोराच म्हणतो की न झोपणारा एक प्राणी दाखव, मी आत्ता डोळे उघडतो. मासे झोपतात, मुंग्या झोपतात. मी म्हणतो, अरे बाबा, हा जगात नसलेला प्राणी आहे.

“नसलेल्यांनी झोपू नये असा नियम आहे का?” निकम म्हणतो, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसतो.

मला हसू येत नाही.

बाकांवर मुलं आलीत. कधी आली कळलं नाही. हात वर करून बोली लावतायत, सर मी, सर मी. एक भोवरा देतोय, एक सगळ्या गोट्या, एक पडलेला दात. निकम खडू आपटून बोली मोजतो. शेवटच्या बाकावर एक मुलगी हात वर करत नाही. डोळे टक्क उघडे, खालच्या पापण्या काळवंडलेल्या. मी सावनीला कधी पाहिलेलं नाही, तरी ती हीच. मी सवयीने तिच्या बाकाशी उकिडवा बसतो, म्हणजे तिला मान वर करावी लागत नाही. विचारतो, तुला कसे डोळे हवेत? ती माझ्याकडे बघतच नाही. ती दाराकडे बघते.

दारात निकम आहे. हातात काठी आणि बॅटरी. बाक नाहीत, सतरंज्या आहेत, ओळीने पांघरलेली मुलं आहेत. ही सहलीतली धर्मशाळा. प्रत्येक सहलीला पहारा निकमकडे. मुलांची जबाबदारी म्हणून तो कधी पाठ टेकायचा नाही. आताही तसाच उभा आहे, मधूनच बॅटरीचा झोत अंगणात टाकतोय, आणि एकही मूल झोपलेलं नाही. सगळ्या माना दाराकडे.

सावनी उठून बसते. “सर, बाहेर काय आहे?”

निकम सांगतो, काही नाही, झोप.

“मग तुम्ही जागे का?”

निकम बॅटरी आत वळवतो. झोत मुलांवरून सरकत भिंतीशी जातो, आणि तिथे मी आहे. मी इथे उभाही आहे आणि तिथे आडवाही. कुशीवर, हात गालाखाली, तोंड थोडं उघडं, आणि घोरतोय. चांगला मोठ्याने घोरतोय. माझ्या आजूबाजूची मुलं गाढ झोपलीत. एकाने झोपेत माझा सदरा मुठीत धरलाय.

“दर सहलीला हेच,” निकम म्हणतो. “मी पहारा द्यायचो आणि कार्टी टक्क जागी. तू आडवा पडून घोरायला लागलास की एकेक विकेट पडायची. सर झोपलेत म्हणजे भ्यायचं काही नाही, एवढं त्यांना कळायचं. मला कळायला म्हातारा व्हावं लागलं.”

मी म्हणतो, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

“तू विचारलं नाहीस.”

“तू मेलास, निकम. विचारू कुणाला?”

“हां. तेवढं चुकलं.”

आता माझ्या हातात प्राणी आहे. किती दिवस मी त्याचे खवले एकेक करून रंगवले, आणि त्याच्याकडे धड पाहिलं नाही. पुढचा एक पंजा गालाखाली. चोच जराशी उघडी. वेटोळ्याच्या मध्ये रिकामी जागा, लहान मुलाची मूठ मावेल एवढी.

मी विचारतो, म्हणजे हा मी?

“मग काय. एवढी चोच दुसऱ्या कुणाला आहे?”

मी त्याला सुनावणार असतो. बाईंना काय लिहू, उघडे डोळे मागितले आणि झोपलेला पाठवला, त्याचं काय सांगू, की तेही नेहमीसारखं माझ्यावरच सोडलंयस? पण निकम काठी भिंतीला टेकवतो, बॅटरी बंद करतो आणि मुलांच्या अंगावरून जपून पाय टाकत येतो.

“सरक जरा,” तो म्हणतो. “एकाही सहलीत झोपू दिलं नाही कुणी.”

मी सरकतो. तो माझ्या पाठीशी आडवा होतो. पाय बर्फासारखे गार, आणि ते मला लावतो. मी म्हणतो, पाय काढ. तो काढत नाही. थोड्या वेळाने त्याचा श्वास लांब होतो. अंधारात मला एवढंच कळतं की शेवटच्या ओळीतली मुलगी पण आता कुशीवर वळली आहे.

पंखा परत डोक्यावर आला आहे.

मी टेबलावर गाल टेकून झोपलो होतो. हाताला मुंग्या आल्यात. ड्रिल टेबलाच्या पलीकडच्या कडेला, वायर गुंडाळून ठेवलेलं. मी वायर कधी गुंडाळत नाही.

प्राण्याच्या डाव्या पापणीवर एक रेघ आहे, झोपायच्या आधी ती नव्हती. पापणी जिथे गालाला मिळते तिथे, पापणीच्या केसांची. रेघ काळीभोर. पापणीला कधी निव्वळ काळा देऊ नये, त्यात थोडा तपकिरी मिसळावा, हे मी निकमला घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो. सुरुवातीला जाड, मध्ये थरथरलेली, शेवटी हात सुटून गालावर उतरलेली. नखाने खरवडून पाहिली, वाळलेली आहे.

मी वानखडेबाईंना लिहिलं की प्राणी उद्या निघतोय, त्याचे डोळे मिटलेले आहेत, सावनीला सांगा की तो झोपलाय, कारण तिच्या खोलीत भिण्यासारखं काही नाही हे त्याने आधी नीट बघून घेतलंय. मग काळा रंग घेऊन उजव्या पापणीकडे वळलो. रेघ सरळ आली. पुसली. पुन्हा सरळच आली. दोन्ही डोळे सारखे दिसायला हवेत, म्हणून संध्याकाळपर्यंत मी तसली वाकडी रेघ काढायचा सराव करत बसलो होतो.