हिरव्या शिक्क्याची कुत्री

१९९६ साल. मी एकावन्न वर्षांचा होतो, आणि साताऱ्याच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कॉलेजातले सर टेबलावर कागद आपटून मला म्हणत होते, "पॅकेटं तुम्हीच बदललीत."

मी म्हटलं, "न्हाई बदलली."

"मग पलूसच्या कुत्र्यांच्या पोटात हे जंतू आले कुठून?"

कुठून आले ते मला माहीत नव्हतं. पण बदलली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी त्या दवाखान्यात परिचर होतो. म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, सुया उकळायच्या. शाळा तिसरीपर्यंत. पण म्हैस नुसती उभी राहिलेली बघून तिला ताप आहे की नाही हे मी सांगायचो, आणि थर्मामीटर माझ्या मागून तेच सांगायचा. आमच्या डॉक्टर देशमाने मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या नोकरी करत पुढची डिग्री करत होत्या, आणि हे सर त्यांचे गाईड.

मॅडमचा विषय होता पाळलेल्या कुत्र्यांच्या पोटातले जंतू. प्रत्येक प्राण्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती असते. काही वाईट, बरेचसे चांगले. चांगले भरपूर असले की अन्न पचतं, हगवण लागत नाही, अंगावर तकाकी राहते. आता याला मोठमोठी नावं आहेत. आम्ही पोटातले जंतू म्हणायचो आणि कामाला लागायचो.

अर्धी कुत्री साताऱ्यातली, पेन्शनर फौजींच्या घरची. अर्धी पलूसची. पलूस माझं आजोळ, तिथली घरं मीच मिळवून दिली होती. दोन प्रकारची पॅकेटं होती, लाल शिक्क्याची आणि हिरव्या शिक्क्याची. एकात जिवंत चांगले जंतू घातलेली पूड, दुसऱ्यात नुसतं पीठ. दिसायला सारखंच. कशात काय आहे ते फक्त सरांना ठाऊक. ठाऊक असलं की माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून तशी पद्धत.

प्रत्येक घराला मी बजावून आलो होतो की कुत्र्याला दूध-दही बंद, कारण दह्यातही असेच जंतू असतात. सगळ्यांनी मान डोलावली.

मला वाचायला वेळ लागतो. म्हणून पॅकेटाचा जो रंग, त्याच रंगाचा दोरा मी कुत्र्याच्या पट्ट्याला बांधला. अक्षराला मी चुकेन, रंगाला नाही.

दर आठवड्याला पहाटे पोचायचं, कुत्रं सकाळचं बसलं की त्यातलं थोडं उकळलेल्या डबीत घ्यायचं, डबी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायची आणि एसटीने परत. मॅडम ते काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर पसरायच्या आणि उबेच्या पेटीत ठेवायच्या. दोन दिवसांनी पांढरे ठिपके उगवायचे. एक जंतू पडला तिथे एक ठिपका. ठिपके मोजले की पोटात वस्ती किती ते कळायचं.

पाचव्या आठवड्यानंतर सरांनी आपला बंद लिफाफा उघडला. लाल म्हणजे जंतू, हिरवा म्हणजे नुसतं पीठ. लाल कुत्र्यांच्या प्लेटा ठिपक्यांनी भरलेल्या. साताऱ्यातली हिरवी कुत्री जवळजवळ कोरी. इथवर सगळं छान. पण पलूसची हिरवी कुत्री लालएवढीच भरलेली.

सरांनी रिपोर्टात लिहायला घेतलं, पॅकेट वाटपात परिचराकडून गोंधळ, सबब पलूसची सर्व कुत्री बाद. अर्धी कुत्री बाद म्हणजे मॅडमचा अभ्यासच बाद. आणि माझं नाव कायमचं त्या कागदावर.

सर बोलले त्याचं काही नाही. पण मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, एखाद्या दिवशी घाईत झालं असेल तर सांगा. मी काही म्हणणार नाही." ते लागलं.

मी म्हटलं, "सर, मला आठ दिवस द्या. तवर ती ओळ लिवू नका."

सर हसले. "आठ दिवसांत तुम्ही काय करणार?"

"बघणार."

"काय बघणार?"

"ते बघितल्यावर कळंल."

दवाखान्यामागच्या पायरीवर बसून मी एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. सर नंबर बघत होते, मला नंबर जमत नाहीत, म्हणून मी घरं बघितली. आणि एकदम लक्षात आलं. मी पॅकेटं बदलली असती तर पलूसची हिरवी भरली असती, पण लाल कोरी पडली असती. ती तर दोन्ही भरलेली होती.

तसाच आत गेलो आणि सांगितलं. मॅडमच्या हातातला पेन थांबला. सर म्हणाले, "मग तुम्ही सगळ्यांनाच लाल दिली."

"मग हिरवी पॅकेटं संपली कशी? माझ्या पिशवीत एक उरलं न्हाई. आन् लाल कमी कशी पडली न्हाईत?"

मॅडमनी कपाटातून उरलेली लाल पॅकेटं काढली, मोजली आणि म्हणाल्या, "बरोबर आहेत सर."

दुसऱ्या दिवशी पलूसची गाडी धरली. आजवर मी नेहमी पहाटे पोचायचो आणि डबी घेऊन लगेच निघायचो. या वेळी मुद्दाम दुपारी, जेवणवेळेला गेलो. कुणाला न सांगता. पहिलं घर हौसाआक्काचं. माझी थोरली मावसबहीण. तिच्या वाघ्याच्या गळ्यात हिरवा दोरा.

"जय भीम, आक्का."

"जय भीम. बाबू, आज ह्या टायमाला? कुत्र्यानं का दुपारी हागायचं आता?"

"न्हाई, बसायला आलोय."

आक्काने भाकरी घेतली. पितळीत कुस्करली. मग कोपऱ्यातलं मडकं उचललं आणि भाकरीवर वरून धार धरली. वाघ्या शेपटी हलवत तुटून पडला.

मी मडक्याकडे बोट केलं. "आक्का, दूध-दही बंद सांगितलं हुतं न्हवं?"

"बंदच हाय की. थेंब दिला न्हाई."

"मग हे काय?"

"हे व्हय? ताक हाय." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलं असावं. "ताक काय दूध हाय का दही? पाण्यावानी हाय ते. आन् कोरडी भाकरी कुणाच्या म्होरं टाकू रं? कुत्रं झालं म्हणून काय झालं, आपल्या दारात जेवतंय."

मी उठलो आणि बाकीची घरं पालथी घातली. ज्या घरी म्हैस, त्या घरी ताक, आणि ज्या घरी ताक, तिथलं कुत्रं भाकरी कोरडी खात नव्हतं. साताऱ्यातल्या फौजींच्या घरी म्हैस नव्हती, दूध पिशवीतलं. तिथे ताक घुसळतंय कोण?

खरी लाज तर पुढेच आहे. त्या पाच आठवड्यांत एकही पहाट अशी गेली नाही की आक्काने मला तांब्याभर ताक दिलं नाही. मी पायरीवर बसून ते प्यायचो, समोर वाघ्या बसलेला असायचा, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. कारण मलाही ताक म्हणजे पाणीच वाटत होतं.

आक्काच्या मडक्यातलं ताक उकळलेल्या बाटलीत घेतलं, थर्मासमध्ये ठेवलं आणि शेवटच्या गाडीने साताऱ्याला आलो. मॅडमनी ते प्लेटवर पसरलं. ते दोन दिवस मी त्या उबेच्या पेटीपासून हललो नाही. पेटी उघडली तर प्लेट पांढरीफेक. मॅडमनी एक ठिपका मायक्रोस्कोपखाली धरला, मला बोलावलं. आत बारीक बारीक काड्या. मग वाघ्याची जुनी प्लेट लावली. तशाच काड्या.

सर आले, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"ताक?" ते म्हणाले.

"व्हय, ताक."

पण सर पक्के. काड्या दिसायला सारख्या असून भागत नाही, म्हणाले. ताक बंद करून दाखवा, ठिपके घटले तर मान्य. तीन आठवडे. मला ते पटलं. मीही तसंच म्हटलं असतं.

बाकीच्या घरांनी लगेच ऐकलं. अवघड काम होतं आक्काला मनवायचं. भाकरी कोमट पाण्यात कुस्करून दे म्हटलं, तर वाघ्या दोन दिवस पितळीकडे पाठ करून बसला. आक्का म्हणाली, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. माझं कुत्रं वाळाय लागलं."

"आक्का, माझ्या नावाला डाग लागतोय."

तिने एकदा वाघ्याकडे बघितलं. मग मडक्यावर झाकण ठेवलं आणि वर पाटा ठेवला.

तिसऱ्या आठवड्याच्या डब्या आल्या. प्लेटा उघडल्या. पलूसची हिरवी कुत्री साताऱ्याच्या हिरव्यांसारखीच कोरी झाली होती. मॅडम लहान पोरीसारख्या हसायला लागल्या. अभ्यास वाचला होता. नुसता वाचला नव्हता, त्याला एक नवं प्रकरण जोडलं जाणार होतं, घरच्या ताकाचं.

सरांनी माझ्यासमोर ती ओळ खोडली. मी म्हटलं, "आता खरी चूक लिवा. मनाई सांगताना परिचरानं ताकाचं नाव घेतलं न्हाई."

"कशाला? राहू दे."

"न केलेली लिवत हुता, मग केलेली का न्हाई?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "यादी मी केली होती," ते म्हणाले. मग लिहिलं, मनाईच्या यादीत ताक नव्हतं. त्यात त्यांचंही आलं आणि माझंही.

मी एवढंच शिकलो. काय खायला घालता असं विचारलं की लोक ताटातलं सांगतात. तांब्यातलं कुणी सांगत नाही, आणि विचारणाराही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने पलूसला गेलो आणि आक्काला सांगितलं की ताक सुरू कर.

"तू शेवटची डबी न्हेली त्याच दुपारी सुरू केलं," ती म्हणाली.

मी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली, पायरीवर बसलो आणि विचारलं, "आक्का, भाकरीवर आणखी काय काय वततीस ते सांग. सावकाश सांग, मला लिवायला येळ लागतो."