कडकमामा आणि साहेबांच्या टाचा

कडकमामांची आणि सशाची पहिली भेट झाली तेव्हा दोघांपैकी एक जण किंचाळला, आणि तो ससा नव्हता. मामा सकाळपासूनचा एकोणसत्तरावा शर्ट टेबलावर पसरत होते. तेवढ्यात शेजारच्या गाठोड्याला कान फुटले. मग नाक फुटलं. मग ते गाठोडं मामांकडे असं रोखून बघू लागलं, की जणू कॉलर जाळल्याचा जाब विचारायला साक्षात वरूनच कोणीतरी आलंय. मामांनी इस्त्री ढालीसारखी छातीशी धरली. ती गरम आहे हे त्यांना बनियनकडून कळलं. किंकाळी अशी निघाली, की समोरच्या न्हाव्याच्या हातून एका सद्गृहस्थांची अर्धी मिशी गेली.

"बाबा, ससा आहे तो. वाघ नाही," मुलगी म्हणाली.

"मग आधी सांगायचं नाही?"

"फोनवर सांगितलं होतं की! ह्यांची बदली झालीय. तिकडे घर लागेपर्यंत ठेवा. दीड महिना फक्त."

आठ वर्षांच्या नातीनं पिंजरा टेबलाखाली सरकवला आणि मामांचा हात धरला. "आजोबा, मी न्यायला येईन तेव्हा तो अशाच उड्या मारत असला पाहिजे. वचन?"

मामांनी वचन दिलं. पस्तीस वर्षांत 'संध्याकाळी देतो' यापलीकडे त्यांनी कोणाला वचन दिलं नव्हतं, आणि तेही ते साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी पाळत.

कडकमामा हे नाव स्वभावावरून पडलेलं नाही. स्वभावानं मामा म्हणजे पाण्यात राहिलेली साबणाची वडी. नाव पडलं खळीवरून. मामांनी खळ देऊन इस्त्री केलेली विजार कोपऱ्यात उभी केली तर ती उभी राहत असे. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तिला नमस्कारही केला होता. 'कडक!' हा एकच शब्द ऐकला की मामांचं पोट भरे. उलट 'शर्ट जरा मऊ आलाय' असं कोणी म्हटलं, की दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसे.

आता मात्र ते थकले होते. सकाळी आठला उभं राहायचं ते दिवे लागेपर्यंत. चारच्या सुमाराला पोटऱ्या दगड होत. मग मामा एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर भार देत, आणि त्या हलण्याच्या ठेक्यावर उरलेले शर्ट संपवत.

ससा चार महिन्यांचा, पांढरा, आणि मामांच्या लाडानं आठवड्याभरात उशीएवढा झालेला. तो दिवसभर बसून मामांचं काम बघे, स्वतः काडी हलवत नसे. म्हणून मामा त्याला 'साहेब' म्हणत. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा होता. मामा स्वच्छतेचे भोक्ते. रोज सकाळी बादलीभर पाण्यानं जाळी धुवायची आणि साहेबांना तिच्यावर ओल्यातच परत बसवायचं, हा नेम झाला.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी साहेब एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलायला लागले. हे हलणं मामांनी लगेच ओळखलं. त्यांनी इस्त्री उभी केली, साहेबांना उचलून मागचे पाय बघितले आणि मामींना हाक मारली. दोन्ही टाचांखालचे केस गेले होते. कातडी लाल झाली होती आणि डाव्या टाचेला रुपयाएवढी जखम होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. "वय कोवळं, वजन जास्त, पायाखाली तार, वर रोजची ओल. आणखी काय व्हायचं? सशाच्या तळव्याला गादी नसते हो, नुसते केस असतात." त्यांनी वाढलेली नखं कापली. नखं वाढली की सगळा भार टाचेवर येतो, म्हणाल्या. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची, चोळायची नाही, टिपायची, मग मलम. जाळी काढून टाकायची. खाली सुकं गवत आणि त्यावर कपडा, स्वच्छ आणि कोरडा, रोज बदललेला. खाणं बेतानं, आणि खोलीत मोकळं फिरू द्यायचं. "हाडापर्यंत गेलं तर मग माझ्या हातात नाही."

स्वच्छ आणि कोरडा कपडा! हे काम जगात कोणाला जमत असेल तर ते मामांना. त्या दिवसापासून साहेबांच्या गवतावर रोज पांढरा कपडा अंथरला जाऊ लागला. खळ दिलेला, दोन्हीकडून इस्त्री केलेला, चारी कोपरे काटकोनात. गिऱ्हाइकं वाट बघत, आणि मामा सशाची चादर करत. संध्याकाळी नातीचा फोन येई.

"आजोबा, साहेब उड्या मारतो?"

"मारतो की. आत्ताच एक मारली."

फोन ठेवल्यावर मामा स्टुलावर बसत आणि बराच वेळ उठत नसत.

दहा दिवस झाले. जखम बरी व्हायचं सोडून पसरली. नात यायला बारा दिवस उरले होते. मामांनी साहेबांना टोपलीत घातलं, खाली नवा कपडा घातला आणि पुन्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली. मग कपडा बघितला. मग त्यावर बोटानं वाजवलं. टक टक आवाज आला.

"मामा, हा कपडा आहे की पाटी?"

"कडक आहे ना?" मामा म्हणाले. इतक्या काळजीतही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"अहो, यानं माझंसुद्धा कातडं जाईल! मऊ पाहिजे, मऊ. चुरगळलेला, विरलेला. खळ नको, इस्त्री तर अजिबात नको."

मामांनी साहेबांची टोपली उचलली. घरी येऊन मामींना सांगितलं, तर मामी इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "पस्तीस वर्षं वाट बघत होते, कोणीतरी यांना हे सांगेल म्हणून!" मग हसू आवरून त्यांनी कपाटाच्या तळातून जुन्या चादरी काढल्या, धुऊन धुऊन पार साईसारख्या झालेल्या. एक फाडली, हातात चुरगळली आणि बोळा पसरून गवतावर टाकली.

मामांचा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे."

"एक चुणी फक्त. मधली."

"हात मागे घ्या म्हटलं ना!"

पुढचे बारा दिवस मामांना जड गेले. ते शर्ट इस्त्री करत आणि नजर टेबलाखाली त्या सुरकुत्यांच्या ढिगाकडे जाई. एकदा मामी बाहेरून आल्या तर मामा चादरीवर इस्त्री धरून उभे. "कडाच करत होतो," म्हणाले. मामींनी प्लगच काढला. त्या दुपारी दुकान बंद राहिलं, आणि मामांना त्याचं वाईट वाटलं नाही, इतके ते दमले होते. ते साहेबांशेजारी जमिनीवर बसून राहिले. मिठाचं पाणी, टिपणं, मलम, एवढंच.

पाचव्या दिवशी लाली उतरली. नवव्या दिवशी डाव्या टाचेवर खपली धरली. अकराव्या दिवशी साहेब टेबलाखालून निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. उडी मारली नाही. मामा त्यांच्या मागून ओणवे चालत होते आणि पुटपुटत होते, "मारा हो साहेब, एक मारा. उद्या पोर येतेय."

दुसऱ्या दिवशी नात आली. पिशवी दारातच टाकून ती जमिनीवर पालथी पडली. साहेबांनी तिचं नाक हुंगलं आणि दोन उड्या मारल्या. एक बरी, एक तिरकी.

"तिकडे का झुकतो हा?" नातीनं विचारलं.

मामांनी तिला सगळं सांगितलं, जाळी, पाणी, खळ, फोनवरच्या उड्यासुद्धा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही ना, अगदीच हे आहात." मग मामींच्या चादरी पिशवीत कोंबून ती साहेबांना घेऊन गेली.

ससा पुढे पावणेदोन वर्षं जगला. डाव्या टाचेवर केस आले नाहीत.