मीठ उजवीकडे आलं तेव्हा

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. रविवारचा चहा, खारी आणि कुणाच्या तरी काकांना दिसलेली पांढरी साडी... वाचायचं, हसायचं, कामाला लागायचं. माझं कामच मोजमापाचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा साधा हिशोब होता. त्यामुळे मीच इथे लिहायला बसलेय हे कळल्यावर माझी पुण्याची बहीण पोट धरून हसणार आहे. हसू दे.

आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो. मी मूळची साताऱ्याची, नवरा जोएल फिलिपिन्सचा, इलोइलो शहरातला. दोघंही इथे शिकायला आलो, इथेच भेटलो आणि इथेच राहिलो. मुलगी मीरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. जोएलला मराठीतला एकच शब्द पक्का येतो – 'येतो'. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे मी त्याला लग्नानंतर लगेच शिकवलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "आणि म्हणे तू काही मानत नाहीस!"

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. इथला जोएल म्हणजे संध्याकाळी गुपचूप पाव-चीज खाणारा, कचरा न चुकता वेगवेगळ्या डब्यांत टाकणारा माणूस. तिकडचा जोएल मी नव्यानेच पाहत होते. रोज सकाळी आम्हाला तीनचाकीत कोंबून बाजारात न्यायचा, मासळीवाल्या बायकांशी भांडल्यासारखा भाव करायचा आणि जे दिसेल ते माझ्या तोंडासमोर धरायचा. कोळशावर भाजलेली कोंबडीची आतडी खाल्ली, डुकराची काळीज-आतडी घातलेल्या गरम सूपमधल्या शेवया खाल्ल्या. एका संध्याकाळी बालूत – म्हणजे बदकाचं अर्धवट उबवलेलं अंडं, आत पिल्लू आकाराला आलेलं! डोळे मिटून खाल्लं. चव वाईट नव्हती, पण दाताखाली चोचीसारखं काहीतरी आलं तेव्हा माहेरचे सगळे देव आठवले. सुक्या मासळीच्या गल्लीत मात्र मी खूश. वास थेट आपल्या सुकटीचा.

त्याच बाजारात आम्ही इनॅमलची ताटं घेतली. पांढरी, निळ्या कडेची, मधोमध हाताने रंगवलेला निळा मासा. अर्धी आम्ही आणली, अर्धी सासूबाईंना ठेवली.

सासूबाईंना मी नानाय म्हणते, म्हणजे आई. त्या मला लाडाने इंदाय म्हणतात, म्हणजे पोरी. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालतं. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. जेवण चालू असताना कुणाला उठून बाहेर जायची वेळ आली, की मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी अर्धा फेरा फिरवायचं. मग निघालेला माणूस सुखरूप पोचतो म्हणे.

आम्ही तिथे असताना जोएलचा चुलत भाऊ असाच अर्ध्या जेवणातून निघाला आणि टेबलावरची ताटं गर्रकन फिरली. मीही फिरवलं. पण मग माझं मीठ-लिंबू उजवीकडे गेलं ना! आमच्या घरी मीठ, लिंबू, चटणी डाव्या हाताला. उलटं पान वाढतात ते श्राद्धाला. लहानपणी खेळता खेळता मी ताट फिरवलं होतं, तेव्हा आईने पाठीत असा धपाटा घातला होता की आजही आठवतो. त्यामुळे माझा हात आपोआप गेला आणि मी ताट सरळ केलं. नानायनी ते पाहिलं आणि पुन्हा फिरवलं. मी बोलण्याच्या नादात पुन्हा सरळ केलं. सगळे हसायला लागले. "हार्ड हेड, इंदाय!" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

आता मूळ गोष्ट.

नोव्हेंबरमधला रविवार होता. दुपारचं जेवण. बाहेर धुकं इतकं, की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यासुद्धा दिसत नव्हत्या. त्याच निळ्या माशाच्या ताटांत वरण-भात, बटाट्याची भाजी आणि तिकडून आणलेली सुकी मासळी, तळून. त्या आठवड्यात जोएलची बेराइटशाफ्ट होती, म्हणजे कारखान्यात काही अडलं की सुट्टीच्या दिवशीही धावायचं. फोन आला. पाइने गावाजवळच्या कारखान्यात मशीन बंद पडलं होतं. रस्ता आउटोबानचा, म्हणजे हायवेचा. तो तसाच हात धुऊन जॅकेट चढवायला लागला.

"धुकं बघ बाहेर. निदान जेवून तरी जा," मी म्हटलं.

"आउटोबानवर कमी असेल. आणि ताटं फिरवा हं!" दारातून वळून हसला आणि मराठीत म्हणाला, "येतो."

मीराने लगेच आपलं ताट फिरवलं. "आई, दू आउख!" तू पण.

"गप जेव."

भात आणायला मी ओट्याकडे गेले. परत आले तर माझं ताट फिरलेलं. मीठ-लिंबू उजवीकडे. कार्टीचेच उद्योग, म्हणून मी ताट सरळ केलं आणि तिच्या ग्लासात पाणी ओतायला वळले. मागे बारीक घासल्यासारखा आवाज झाला... पाहते तर मीठ पुन्हा उजवीकडे.

"मीरा!"

"इश वार दास निष्ट!" मी नाही केलं, म्हणत होती, आणि रडायच्या बेतात होती. तिच्या दोन्ही हातांत मासळी, बोटं तेलाने माखलेली. माझ्या ताटाच्या कडेला तेलाचा एक डागही नव्हता.

मला खरं तर राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. मी ताट पुन्हा सरळ केलं आणि कडेला धरून बसले.

आणि ते माझ्या बोटांखालून फिरायला लागलं.

झटका नाही, थरथर नाही. लहान मुलाच्या हातातून आपण सुरी काढून घेतो ना, न रागावता पण ठामपणे, तसं. मी जोर लावला. कड बोटांना रुतली. लिंबाची फोड माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश पलीकडे गेली. वरण जरासुद्धा हिंदकळलं नाही.

नवरा धुक्यात गाडी चालवतोय आणि माझ्यासमोर श्राद्धाचं पान! दुसरं काही सुचेना. मी दोन्ही हातांनी ताट पकडून मागे ओढायला गेले, तशी मीरा किंचाळली, "आई, लास एस!" सोड ते.

मी सोडलं. हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. ताट उलटंच राहिलं. मला फक्त एवढंच हवं होतं, की तो घरी यावा. बाकी काही मोजायचं नव्हतं, तपासायचं नव्हतं. फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. भात गार झाला, मीरा माझ्या कुशीत येऊन बसली आणि आम्ही दोघी त्या ताटाकडे बघत राहिलो.

मग त्याचाच फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मी ठीक आहे. पेट्रोल पंपावर आहे. पुढे ट्रक आणि गाड्या एकमेकांवर आदळल्यात... खूप वाईट आहे. न थांबता गेलो असतो तर मीही त्यातच असतो."

"तू पंपावर कसा?"

"काय सांगू? घरी काहीतरी विसरलंय असं वाटलं म्हणून आउटोबानवरून खाली उतरलो. मग वाटलं, काय मूर्खपणा, आणि पुन्हा आउटोबानवर चढलो. पुढच्या फाट्याला पुन्हा तेच. उतरलो, पुन्हा चढलो. शेवटी वैतागून इथे वळलो आणि कॉफी घेऊन उभा राहिलो. निघावंसंच वाटेना."

मी ताटाकडे बघितलं. मीठ अजून उजवीकडेच होतं.

तो घरी आल्यावर सगळं सांगितलं. शेवटी तोही इंजिनियरच! म्हणाला, ओल्या टेबलावर गरम भांडं आपोआप सरकतं. मग स्वतःच गरम वरण वाढून, टेबल ओलं करून, कोरडं करून, सगळं करून बघितलं. ताटाखाली विणलेली चटई होती. तिच्यावर ते ताट ढकलल्याशिवाय सरकत नव्हतं. त्याने चटई उचलून ठेवली आणि विषय सोडला.

त्याच्या आईला काळजी नको म्हणून अपघाताचं कळवायचं नाही असं आमचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी नानायचाच व्हिडिओ कॉल आला. जोएल ऑफिसात होता. त्यांनी आधी त्याची चौकशी केली. तो बरा आहे ऐकून हातातल्या जपमाळेला ओठ लावले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मराठीत लिहिते. "काल रात्री मी एकटीच जेवत होते," म्हणजे आमची तेव्हा दुपार. "एकदम वाटलं, टेबलावरून कुणीतरी उठून गेलं. जोएलसारखं वाटलं. घरात कुणी नव्हतं, तरी मी आपलं ताट फिरवलं."

मी म्हटलं, "बरं केलंत, नानाय."

त्या हसल्या नाहीत. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या.

"पण इंदाय, कुणीतरी ते परत सरळ करत होतं. मी फिरवलं की ते सरळ. शेवटी मी दोन्ही हातांनी धरून बसले. फार ओढत होतं गं... मग एकदम सोडलं." त्या म्हणाल्या, "ताट परत सरळ करणारी माझ्या माहितीत एकच बाई आहे."

पृथ्वीच्या दोन टोकांना बसून आम्ही दोघी एकाच माणसासाठी ओढत होतो, आणि मी चुकीच्या बाजूला होते, हे मला सहन होत नाही.

ताट कशामुळे फिरलं, मला माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर सांगा, मला तेच आवडेल. तोवर आमच्याकडे जेवता जेवता कुणी उठलं, की मी ताट फिरवते. मीठ उजवीकडे येतं, डोळ्यांत खुपतं, आईचा धपाटा आठवतो. मी हात मांडीवर घट्ट धरून बसते, 'पोचलो' असा फोन येईपर्यंत.