शेजारणीचा फ्रीज

भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीत आमच्या लाइनीतला पहिला फ्रीज आला तो माझ्या शेजारणीकडे. त्याचं मला एवढं वाटलं नाही. खुपायचं ते वेगळंच. तिच्याकडे फ्रीज होता, मिक्सर होता, रंगीत साड्या होत्या, आणि तरीही विहारातल्या बायका श्रद्धावान म्हणून तिचंच नाव घ्यायच्या.

मी त्याच वर्षी कानातलं काढून ठेवलं होतं. पांढऱ्या साडीशिवाय विहारात जात नव्हते. पौर्णिमेला अष्टशील पाळायचे, दुपारनंतर अन्नाला शिवायचे नाही, चटईवर झोपायचे. तीही पाळायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कानात फुलं घालून दारात हसत उभी.

तिचं दार दिवसभर उघडं. कोणाचं दूध, कोणाची भिजवलेली डाळ, मागच्या लाइनीतल्या म्हाताऱ्या भाऊंची साखरेच्या आजाराची इंजेक्शनं, सगळं तिच्या फ्रीजमध्ये. कोणाचं पोर तापलं की बर्फ तिच्याकडून. मी कधी बर्फाचा खडासुद्धा मागितला नाही.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही भंतेंना खीर दान करायचो. सकाळचं दूध उशिरा यायचं, म्हणून खीर आदल्या संध्याकाळीच शिजवावी लागे. त्या वर्षी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाई, खीर माझ्याकडे ठेवून द्या ना. उकाडा लय आहे, नासून जाईल."

"राहू द्या. आमच्या आईनं कुठी फ्रीज पाह्यला होता?" मी म्हटलं, आणि पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकलं.

सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास. मी खीर मागच्या अंगणात ओतत होते, ते तिनं पाहिलं. ती आपलं पातेलं घेऊन आली, अर्धी खीर माझ्या पातेल्यात ओतली. "चला, उशीर होऊन राह्यला," एवढंच म्हणाली.

विहारात एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पातेल्यातली खीर चाखून माझी तारीफ केली. शेजारीण शेजारीच बसली होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं निदान माझ्याकडे पाहायला तरी हवं होतं.

सगळे पांगल्यावर मी भंतेंना विचारलं. ते चामोर्शीकडचे, वयस्क. "भंते, अष्टशील पाळणाऱ्या बाईनं घरात एवढ्या वस्तू ठेवाव्या काय?"

"कोणत्या वस्तू?"

मी सांगत गेले. फ्रीज, फिकट निळा, हँडलजवळ पोचा आलेला. मिक्सर, तीन भांड्यांचा. जांभळ्या काठाची साडी.

भंते शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरात यातलं काही नाई, तरी सारं तोंडपाठ आहे. तिले विचारून पाहा, पोचा तरी आठवते काय."

मग त्यांनी मला पाणी पिऊन जायला सांगितलं. उन्हातून घरी येताना मला वाटत होतं, आता भंतेही तिचेच.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली. ते लोक सामान बांधायला लागले तेव्हा मला आशा होती की फ्रीजचं ती मला विचारेल. तिनं तो त्या म्हाताऱ्या भाऊंना देऊन टाकला, इंजेक्शनांसाठी. देताना एकदा मागे वळूनही पाहिलं नाही.

जाताना माझ्याकडे आली. "एक सांगू काय बाई? तुम्ही ध्यानाले बसल्या की हलतच नाई. माझं मन घरी पळते. मले तुमचा लय हेवा वाटे."

न हलता बसायचे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय असायचं, ते ओठांवर आलं होतं. पण बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि ती निघाली.

काही वर्षांनी आमच्याकडेही फ्रीज आला. शेजारच्या बायका दूध ठेवायला यायच्या. मी कोणाला नाही म्हटलं नाही. पण कोणाचं भांडं किती दिवसांपासून आहे, हे मला बरोबर ठाऊक असायचं, आणि मग तिची आठवण व्हायची. तिला कधीच ठाऊक नसायचं.