रुईच्या गठाणीतला उपास

परभणीला स्टेशनाजवळ कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारी जिन-प्रेस सुरू झाली आणि आमच्या बोरी गावातल्या माणसांच्या अंगाला रुई चिकटायला लागली. शब्दशः चिकटायला लागली. दिवाळीनंतर जी माणसं जिनीत कामाला जायची, ती सणावाराला गावी यायची तेव्हा त्यांच्या मिशांत, भुवयांत, कानामागं पांढरी रुई अडकलेली असायची. ती कुणी झटकत नसे. सरकारी चपराशी छातीवरचा पट्टा मिरवतो तशी ती मिरवत. निजामाचं राज्य होतं, पट्ट्याला मान होताच. आता रुईलाही आला.

पहिल्यांदा कोष्टी गेला, हातमाग भिंतीला टेकवून. मग डब्यातलं गिरणीचं तेल गावात आलं आणि तेल्याचा घाणा थांबला. तेली इंजिनाच्या भट्टीवर लागला, तेलीण कापसातला पाला वेचायला. पाडव्याला सालगडी ठरवायची वेळ आली, तर आमच्या शेतावरचा जुना सालगडी, मी रांगत होतो तेव्हापासून मला ‘मालक’ म्हणणारा, ओट्यावर पाय सोडून बसला आणि माझ्या वडलांना म्हणाला, “अप्पा, औंदा जमायचं न्हाई. मी आता तनख्याचा माणूस हाव.”

‘तनख्याचा’, म्हणजे पगाराचा, हा शब्द त्यानं असा काही उच्चारला, की मला वाटलं याला आता खुर्ची द्यावी लागणार.

अप्पांचं गावात किराणा दुकान होतं. मी विशीतला, उर्दू शाळेनं हात जोडून घरी पाठवलेला. माझं काम तागडी धरायचं. पण गिऱ्हाईकच परभणीला निघालेलं, तेव्हा मी तागडीत माशा जोखत बसायचो. मलाही तनख्याचा माणूस व्हायचं होतं. आणि नोकरी लागेपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्याजवळ नव्हता. एका सकाळी मी दुकानातल्या वातींचा कापूस पिंजला, गुळाच्या पाण्यानं भुवयांवर आणि नुकत्या फुटलेल्या मिशीवर चिकटवला आणि पारावर जाऊन बसलो.

“कवा लागलास रं जिनीत?” कुणीतरी आदरानं विचारलं.

“परवाच,” मी म्हणालो. पुढचं बोलणार तोच उजवी भुवई हुळहुळली. मग डावी. गुळाचा वास पारावरच्या मुंग्यांना माझ्याआधी कळला होता. तनख्याचा माणूस दोन्ही हातांनी तोंड बडवत घराकडं पळतोय, हे दृश्य बोरीनं पुढं पुष्कळ वर्षं जपून ठेवलं.

अप्पांनी माझं सुजलेलं तोंड बघितलं आणि उसासा टाकला. “एवढी खाज हाय तर जा. पण एक ध्यानात ठेव. नेम मोडला की त्याच दिवशी परत दुकानात.”

हा नेम काय, ते सांगायला हवं. आमचं घर शिवभक्तांचं, लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते अंगावेगळं करायचं नाही, सकाळी पूजा चुकवायची नाही, आणि जेवताना आधी लिंगाला नैवेद्य दाखवायचा, मग घास. लिंग अंगावर नाही तर पोटात अन्न नाही. मी मान डोलावली. माझ्या नोकरीचा सगळा जीव त्या डबीत आहे, एवढं तरी मला कळत होतं.

जिनीत पोचलो आणि जग उलटं झालं. मला प्रेसवर दिलं. तिथं जमिनीत एक खोल लाकडी पेटी होती. वरून रुई टाकायची, आत दोघांनी उतरून ती पायांनी तुडवायची, पेटी भरत आली की बाहेर यायचं. मग लोखंडी दाब खाली येई, पट्ट्या आवळल्या जात आणि गठाण तयार. माझा जोडीदार कोण? आमचा सालगडी! मी ओळखीचं हसलो. ‘मालक’ ऐकायला कान पुढं केला.

“ए नवख्या,” तो म्हणाला, “धोतर वर खोच. रुई हाय ही, तुझ्या अप्पाची गादी न्हाई.”

तेवढ्यात मिस्त्री आला. हा हैदराबादचा, इंजिनावर जिवापाड प्रेम करणारा. त्यानं माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं. “गले में क्या लटकाया रे? पट्टे में आया तो गर्दन जाती. गर्दन का क्या है, मशीन बंद होती.”

लिंग काढून ठेवता येत नव्हतं, लटकू देता येत नव्हतं. आता दुसऱ्या एखाद्या शहाण्यानं ते दंडाला पक्कं बांधलं असतं. आमच्यात तशी रीतही आहे. पण मला वाटलं, देव दंडाला कशाला, डोक्यावरच बसवू! मी डबी रुमालात, म्हणजे डोक्याला गुंडाळतात त्या फडक्यात, घडीत सारली आणि वर ऐटीत गाठ मारली. अंगावर तर आहेच. शिवाय सगळ्यात उंच जागी. अप्पांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती, असंही मला वाटून गेलं.

काही दिवस बरे गेले. मग मला तुडवणं आवडायला लागलं. रुईत उडी मारली की ती छातीपर्यंत गिळते आणि परत वर फेकते. समोरच्या ओसरीवर पाला वेचणाऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, त्यांच्या तालावर मी उड्या मारायला लागलो. बायका हसल्या. बायका हसल्या की माझी अक्कल आधीच रजेवर जायची. मी गिरकी घेतली. एका पायावर नाचलो.

“वाण्याच्या पोराला वारं लागलं की काय!” तेलीण ओरडली.

“तुडवायलाय का लग्नात नाचायलाय?” सालगडी म्हणाला. मी आणखी उंच उडालो. रुमाल सुटून डोळ्यांवर आला, तो मी तसाच डोक्याभोवती गुंडाळला आणि पुन्हा उडालो.

दुपारचा भोंगा झाला. लिंबाखाली बसून मी भाकरीचं फडकं सोडलं. वर मिरचीचा ठेचा, कांदा. पोटात कावळे नव्हे, अख्खं पिंपळाचं झाड ओरडत होतं. नैवेद्य दाखवायला रुमालात हात घातला. घडी रिकामी. रुमाल झटकला. त्यातून रुईचा एक फुगा निघाला आणि वाऱ्यावर निघून गेला.

“काय झालं?” सालगडी घास थांबवून म्हणाला.

“लिंग,” मी म्हणालो. “पेटीत पडलं.”

“कंच्या पेटीत? सकाळधरनं तर गठाणीमागं गठाण बांधायलोत आपण!”

अंगणात त्या पडल्या होत्या, एकाच आईच्या लेकरांसारख्या. संध्याकाळी त्या वॅगनमध्ये चढणार, तिथून मुंबई, तिथून बोटीत बसून विलायत. माझा देव विलायतेला निघाला होता आणि मी परभणीत उपाशी. त्यात आणखी एक गोष्ट मला त्याच क्षणी आठवली: आज अप्पा कापसाची गाडी घेऊन येणार होते.

मी मिस्त्रीकडं धावलो. सगळं ऐकून तो म्हणाला, “मतलब, मिलता नहीं तब तक खाना नहीं? रोज़ा है क्या?”

“रोजाच समजा,” मी म्हणालो. “पण संध्याकाळी सुटणारा न्हाई.”

हे त्याला लागलं. त्यानं दाढी खाजवली, इंजिनाकडं क्षमा मागितल्यासारखं बघितलं. “एक गठान खोलता. एकच. दूसरी का नाम लिया तो तुझेच प्रेस में दबाता.”

एकच! मग कुठली, यावर सगळी बोरी भांडायला लागली. कोष्टी म्हणे पहिली, तेली म्हणे शेवटची. सालगड्यानं तेलिणीला विचारलं, “हा येडा लय जोरात कवा नाचायलता?”

“मी जात्याची ववी म्हणत होते तवा. रुमाल डोळ्यावर आलाता की त्याच्या. त्याच्यामागनं पाणी आलं प्यायचं.”

“म्हणजे पाण्याच्या आधीची गठाण. ही!” सालगड्यानं एका गठाणीवर थाप मारली.

मिस्त्रीनं पट्ट्या तोडल्या. दाबलेल्या रुईची पट्टी सुटताना बघितली आहे का कुणी? आधी ती श्वास घेते. मग सुटते. गठाण फुगली, फाटली, अंगणभर पसरली, वाऱ्यानं तिचे ढग केले. बैल बुजले, बायका खिदळल्या, आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून रुई उपसायला लागलो. तेवढ्यात त्या ढगातून एक काळा कोट आणि पांढरा पटका बाहेर आला. अप्पा!

“काय करायलात रं तुमी?”

सालगडी माझ्यासाठी पुढं झाला. “काय न्हाई मालक. पोरगं लय कामाचं हाय तुमचं. रुई वाळवायलाय.”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. “जेवलास का?”

बापानं लेकाला विचारायचा सगळ्यात साधा प्रश्न. त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली, तिथं दोरा नव्हता. मी भराभर सगळं सांगून टाकलं: रुमाल, ओव्या, गिरक्या. मला वाटलं आता चप्पल येणार. चप्पल आलीच, पण बाजूला. अप्पांनी दोन्ही चपला काढल्या, कोट बैलाच्या शिंगावर अडकवला, धोतर खोचलं आणि पोहायला उतरावं तसे रुईत शिरले. दुकानाच्या गादीवरनं न हलणारा माझा बाप! बघता बघता त्यांच्या मिशा, भुवया, कान पांढरे झाले.

“सापडलं!” तेलीण किंचाळली. “मी न्हाई बा हात लावणार, तुमचा देव हाय, तुमीच या!”

डबी चेपून पापड झाली होती. आतलं लिंग मात्र जसंच्या तसं. अप्पांनी ते पाण्यानं धुतलं, माझ्या तळहातावर ठेवलं, आणि आम्ही दोघं त्या ढिगावरच बसून नैवेद्य दाखवायला निघालो. तर माझी भाकरी बैलानं खाल्लेली. मग अप्पांनी घरून आणलेली धपाटी निघाली. मी किती खाल्ली ते विचारू नका. अप्पांना एक मिळालं.

हात धुताना ते म्हणाले, “नेम मोडला. चल गावाला.”

“अप्पा, मी लिंगाबिगर घास घेतला का?”

“न्हाई.”

“मग मोडला कसा? उलट आज लयच पाळला की! बैल जेवला, मी न्हाई.”

अप्पांनी बोटं मोजून बघितली. दुकानदार माणूस, पण या हिशेबात त्यांना खोट सापडेना. बायका हसायला लागल्या तसे तेही हसले. “बरं बाबा. कर नोकरी.”

मी छाती फुगवून मिस्त्रीकडं वळलो. तो फुटलेल्या गठाणीजवळ कमरेवर हात ठेवून उभा होता.

“नौकरी?” तो म्हणाला. “कौन सी नौकरी? तू जा. तेरे बाप को रखता मैं. क्या ताकत से रुई उपसी बुढ्ढे ने!”

अप्पांना बुढ्ढा म्हटल्याचा राग आला नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. ते भोवतीच्या माणसांकडं बघत होते: कोष्टी, तेली, तेलीण, सालगडी, दुकानातून एकेक करून नाहीसं झालेलं सगळं गिऱ्हाईक इथं रुईनं माखून उभं होतं. मग ते फाटकाबाहेरच्या रिकाम्या जागेकडं बघायला लागले.

“ती जागा कुणाची?”

“का वो सावकार?” तेलीण लगेच म्हणाली. “दुकान टाकता का? शिकेकाई आना मग. हितं रुई डोक्यातून निघत न्हाई. आन् मीठ खड्याचं.”

“बिड्या,” सालगडी म्हणाला.

“चाय रखो,” मिस्त्री म्हणाला. “अच्छी बिकेगी.”

अप्पा ताठ झाले. “च्या? आमी वाणी हाव, हाटेलवाले न्हाई!”

कोट बैलाच्या शिंगावरून काढून त्यांनी झटकला. भुवयांवरची रुई मात्र तशीच ठेवली. फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि वळून मिस्त्रीला हळूच म्हणाले, “साखर किती घालतेत हो तुमच्याकडं?”