गुणामामाची फिरती खोली

गाडी थांबली की गुणामामा आधी दोन्ही घोडे खाली उतरवायचा आणि मग बराच वेळ काहीच करायचा नाही. चूल नाही, विडी नाही, तोंड धुणंसुद्धा नाही. दोघांचे दोर हातात धरून नुसता उभा. एकदा भुकेने कासावीस होऊन मी विचारलं, "मामा, आता कशाची वाट बघतोयस?"

"गाडी थांबली रे," तो म्हणाला, "पण तेंच्या पायांतली गाडी अजून थांबूक नाय."

गुणामामा माझ्या आईचा थोरला भाऊ. गिरणी बंद पडल्यावर त्याच्याबरोबरचे लोक गावी गेले, कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीची गाडी लावली. मामाने एक जुना ट्रक आणि दोन घोडे घेतले. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या कडेला त्याची चाळ होती आणि चाळीमागे घोड्यांचा पत्र्याचा आडोसा. राजा पांढरा, थोराड आणि आळशी. चिमणी तांबूस, अंगाने लहान, डोळ्यांनी कायम दचकलेली. लग्नसराईत दोघं वरातीला जात. मामा पुढे लगाम धरून चालायचा आणि वर बसलेल्या नवरदेवाला दबक्या आवाजात धीर द्यायचा. आम्हाला म्हणायचा, "घोडी बुजली तर घटकाभर. नवरो जो बुजता, तो जन्मभर."

पावसाळ्यात वराती नसत. तेव्हा मामा घोडे घेऊन कणकवलीजवळच्या आमच्या गावी चरायला जाई आणि दिवाळीनंतर परत येई. त्यासाठी त्याने ट्रकच्या हौद्यात फळ्यांची आडभिंत घातली होती. मागे घोडे आणि पेंढा, पुढे एक फळीचा पलंग, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, खिळ्याला टांगलेला कंदील आणि देवाची तसबीर. चाळीतले लोक त्याला फिरती खोली म्हणत. मामा म्हणे, "खोली घोड्यांची. मी तेंचो भाडोत्री." मुक्काम नदीकाठी नाहीतर एखाद्या देवळाच्या आवारात. तीन दगडांची चूल, भात आणि भाजलेला सुका बांगडा. मला ते सगळं मनापासून आवडायचं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मला त्या गाडीची घाण वाटत होती. तसं असतं तर एक वेळ बरं झालं असतं.

या प्रवासाला दोन माणसं लागत. चिमणी चढाला काही बोलायची नाही, पण उतार लागला की तिचे पाय पुढे घसरत आणि ती वेडीपिशी होई. तिच्या तोंडाशी उभं राहून, मान खांद्यावर घेऊन तिच्याशी बोलत राहायचं, म्हणजे ती टिके. एरवी हे काम मामीचं. त्या वर्षी भातकापणीसाठी मामी गावी राहिली. मी दिवाळीच्या रजेवर गावी होतो. मामा म्हणाला, "दिन्या, चल माझ्यावांगडा. चिमणी तुका वळखता." मी आनंदाने निघालो. वाटेतल्या उतारांवर ती माझ्या खांद्यावर मान टाकून थरथरत उभी राहिली, आणि मी तिला अंधेरीतल्या आमच्या ऑफिसच्या गमती सांगत होतो.

दुसरा मुक्काम काशेडी घाटाच्या माथ्यावर पडला. सकाळी आम्ही चहा घेऊन आवरतच होतो. मामा चूल विझवत होता, माझ्या हातात चिमणीचा दोर होता. तेवढ्यात एक फियाट येऊन थांबली. घोडे बघून मुलं ओरडली होती. गाडीतून उतरले ते आमचे साठेसाहेब, त्यांची बायको आणि दोन मुलं. मी ऑफिसात नवा होतो, आणि मला कायम करायचं की नाही, ते साहेबांच्या हातात होतं.

"अरे, तू इथे कसा काय?"

मी दोर खाली टाकला. "एसटी चुकली, सर. यांच्या ट्रकात लिफ्ट मिळाली."

मामाने मान वर केली नाही. तो राखेवर पाणी ओतत राहिला.

"काय रे," साहेब त्याला म्हणाले, "मुलांना एक चक्कर मारवशील का?"

मामा साहेबांपेक्षा वयाने मोठा होता. "मारवतंय की सायब," म्हणत तो उठला. त्याने मुलांना राजावर बसवलं आणि चांगली लांब फेरी मारून आणलं. बाईंनी फराळाचा डबा उघडला. मला ताटलीत दिला, त्याला वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. मी ती ताटली घेतली आणि चकली खाल्ली.

मग साहेब म्हणाले, "चल, आमच्याबरोबर. ट्रकात कशाला धक्के खातोस?"

पुढे सगळा उतार होता. मी मामाकडे पाहिलं. एका शब्दाने त्याला माझं बिंग फोडता आलं असतं. पण तो हौद्यात चढला, माझी बॅग घेऊन खाली आला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. "जावा तुम्ही," तो म्हणाला.

मी गेलो. पहिल्याच वळणावर बाई म्हणाल्या, "घोड्याचा वास येतोय गं बाई!" मुलं हसली, मीही हसलो आणि काच खाली केली.

मामा बोरीवलीला पोचला तो डावा पाय सुजवूनच. माझ्या आईला त्याने सांगितलं, "दिन्याक हापिसात तातडीचा काम इला, मीच तेका धाडलंय." खरं काय ते पुढे मामी गावाहून आल्यावर तिच्याकडून कळलं. राजाला ट्रकात ठेवून, माथ्यावरच्या एका चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगून, तो चिमणीला धरून पायी घाट उतरायला निघाला होता. मागून एका लॉरीने हॉर्न दिला. चिमणी बुजली आणि तिचा खूर त्याच्या पायावर पडला. तशा पायाने त्याने तिला खाली पोचवलं, कुणाच्या तरी अंगणात बांधलं आणि ट्रकसाठी परत वर गेला. पुढच्या वर्षी त्याने चिमणी विकली. वरातीत तो पाय ओढत चालू लागला. मला नोकरीत कायम केलं होतं.

मामाने त्या सकाळचं नाव कधी काढलं नाही. मीही नाही. काही वर्षांनी तो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने अचानक विचारलं, "दिन्या, मगे सायबाक सांगलंस काय, मी तुझो मामा म्हणान?"

मी माफी मागायची ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "सांगितलं ना."

तो उशीवरून उठूनच बसला. "काय म्हणालो सायब?"

"म्हणाले, आधी का नाही सांगितलंस? एकदा मुलांना घेऊन भेटायला येतो."

"गो, ऐकलंस?" त्याने मामीला हाक मारली. "सांग रे, हिका परत सांग." मी परत सांगितलं. शेजारचे आले, त्यांनाही सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मला ते चांगलं जमायला लागलं होतं.

त्याच्या बाराव्याला मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेलो. रजा साठेसाहेबांनीच दिली. कुणाचं बारावं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी शेजाऱ्यांचं म्हणालो होतो.

पानं उठल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दर रविवारी राजाक धुवान पुसान उभो करूक लावी. सायबाची पोरां येतली म्हणान. मी म्हणी, अवो, तो मोठो माणूस, तेका खंयचो येळ? तर माझ्यावरच रागवत." मग तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "कित्या रे इलो नाय तो?"

"साहेबांची बदली झाली, मामी."

तिचा चेहरा निवळला. "तरीच," ती म्हणाली. "नायतर इल्याशिवाय रवलो नसतो."